चौदा नंबरच्या टेबलावरून परत गेलेलं ताट

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त रहिवाशांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि बाजारात नुसतेच भाव विचारून पुढे जाणाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मोठ्या प्रवासी बोटीवर काय जेवायला मिळतं याविषयी आजवर जे काही बोललं गेलं, ते सर्व आजपासून रद्द. बोटीवर सोन्याच्या ताटात वाढत नाहीत. दिवसभर कोळंब्याही तळत नाहीत. दारू फुकट नाही. हे ऐकून ज्यांना वाईट वाटेल त्यांची नावं मला माहीत आहेत, पण घेणार नाही. हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि, त्याहून महत्त्वाचं, स्वतःच्या जिभेनं चाखून आले आहे.

मी कोण, हे डहाणूच्या बाजारात विचारावं लागत नाही. आवाज येईल तिकडे यावं. ज्यांच्यापर्यंत आवाज पोचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

डहाणू बाजार

घर माझं झाईला, अगदी समुद्राला लागून. रोज बसनं डहाणूला येते आणि सुके बोंबील, जवळा, मांदेली विकते. माझ्या शेजारी जानकी बसते. ती वेवजीच्या पलीकडच्या डोंगरातून काकड्या, शेंगा, नाचणी घेऊन येते. गिऱ्हाईक गुजराती बोलणारं असलं तर जानकी बोलते, ऑफिसातलं असलं तर मी. भांडण असलं तर दोघी.

माझा नवरा तांडेल आहे, म्हणजे मच्छीमार बोटीचा मुख्य माणूस. बोट त्यांच्या शब्दावर चालते. घरही त्यांना तसंच चालायला हवं असतं. मी त्यांना घरातसुद्धा तांडेलच म्हणते. त्यांना तो मान वाटतो आणि मला ती थट्टा वाटते, म्हणून संसार टिकला.

आम्हाला एकच मुलगा, नितेश. बापाच्या बोटीवर भात-कालवण रांधता रांधता त्याला त्याचीच गोडी लागली. तो हॉटेलाचं शिक्षण घेऊन आला आणि तीन वर्षांपूर्वी एका प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात लागला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. वाढवणला होऊ घातलेल्या मोठ्या बंदराचा विषय निघाला तरी आमच्या घरात जेवण थंड होतं. मोठी बोट म्हटली की तांडेलांना आपलं फाटलेलं जाळंच दिसतं. "ज्या बोटी आमची जाळी फाडतात, त्यांच्यावर जाऊन हा कांदे कापतो," एवढं ते म्हणाले, आणि ते शेवटचं.

नितेश सुट्टीवर आला की ह्यांची बोट नेमकी समुद्रात. तो परत गेला की ह्यांना नेमका वारा वाईट दिसतो आणि बोट किनाऱ्याला. एरवी बोट गेली की आठ-आठ दिवस मी एकटी जेवते. मला जेवताना बोलायची सवय आहे. टीव्हीतली माणसं ऐकून घेत नाहीत.

बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना तिकिटात सवलत असते. नितेशनं मुंबई ते गोवा आणि परत अशी दोघांची तिकिटं मोबाईलवर पाठवली. तांडेलांनी तिकिटांकडे अशी नजर टाकली की मोबाईल बंद पडेल. मग मी जानकीला विचारलं. जानकी एका पायावर तयार! तिनं नवी साडी घेतली, जावेकडून पर्स मागून आणली. आणि त्याच आठवड्यात तिच्या डोंगरावरचं भात कापणीला आलं. पिकलेल्या भातापुढे बोट काय, विमान थांबलं तरी उपयोग नाही.

"तू जा गो," जानकी म्हणाली. "माझ्या वाटचं पण खा. नि आल्यावर सगळं सांग, पण खोटं घालू नको."

"खोटं घातलं नाही तर ऐकशील काय?"

निघताना तांडेल अंगणात जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "एकच बघून ये."

"काय?"

"मीठ. बाकी रंगरंगोटी कुणीही करतो. मीठ बरोबर पडत असेल, तर पोरगा रांधपी झाला असं समजेन."

"आणि नसेल पडत?"

"तर सांग घरी ये म्हणून. जाळं ओढायला मीठ लागत नाही."

मुंबई बंदर

पहिली सूचना: घरचं खाणं बोटीवर नेता येत नाही. जानकीनं मला नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. सामान तपासणाऱ्यानं डबा उघडला आणि तसाच मिटला. मग तो दोन पावलं मागे सरकून अदबीनं म्हणाला, "मॅडम, हे आत नाही नेता येणार." मी म्हटलं, "मग आत्ताच संपवते," आणि रांगेतच उभ्याउभ्या एक भाकरी खाल्ली. एक तुकडा त्यालाही देऊ केला. त्याला घ्यायचा होता, हे मी शपथेवर सांगू शकते. पण त्याचा साहेब मागे उभा होता.

बोट म्हणजे काय सांगू? लग्नाचा हॉल, मॉल आणि हॉस्पिटल एकावर एक रचून पाण्यात ढकलावं, तशी. लिफ्टनं वर जा, लिफ्टनं खाली जा. इतक्या मोठ्या बोटीवर डिझेलचा वास नाही, मासळीचा नाही, घामाचाही नाही. मला पहिला तासभर सर्दी झाल्यासारखं वाटत होतं.

नितेशनं फोनवर आधीच बजावलं होतं. त्याचं स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर. कामाच्या कपड्यांत त्याला प्रवाशांमध्ये येता येत नाही आणि मला तिथे खाली जाता येत नाही. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या आचाऱ्यांना जेवणाच्या दालनात मिरवत आणतात, तेव्हाच भेट. म्हणजे बोट एक, समुद्र एक, आणि मायलेकांच्या मध्ये चार मजले.

आता जेवणाचं दालन. वरच्या मजल्यावर हवं ते हातानं वाढून घ्यायची सोय असते, ती वेगळी. खाली असतं ते खरं दालन. तिथे तुमची वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, आणि वाढपीही ठरलेला. माझं टेबल चौदा नंबर, खिडकीपाशी, दोघांचं. समोरची खुर्ची जानकीची. तिच्यासमोरही रुमाल घडी घालून फुलासारखा उभा केला होता. बसल्या बसल्या वाढप्यानं माझा रुमाल झटकून माझ्या मांडीवर पसरला. मला वाटलं, आता हा भरवणारसुद्धा.

वाढप्याचं नाव फ्रान्सिस. गोव्याचा, पिकलेल्या मिशांचा, कोकणी वळणाचं मराठी बोलणारा. ताटाच्या दोन्ही बाजूंना इतके काटे, सुऱ्या आणि चमचे मांडले होते की मला वाटलं हे विकायला ठेवलेत. "बाहेरून आत यायचं, बाय," त्यानं हळूच सांगितलं. ही सूचना लिहून ठेवण्यासारखी आहे: प्रत्येक पदार्थाला बाहेरची जोडी उचलायची, ती पदार्थाबरोबर परत जाते. आधी सूप, मग कच्चा पाला, मग काहीतरी छोटं, मग मुख्य, मग गोड. आपल्यासारखं सगळं एकदम वाढत नाहीत. जेवण ताटात नसतं, रांगेत असतं.

सूप आलं. मी हात मांडीवर ठेवून बसले.

आता हे समजायला आमच्या बोटीवरचा नियम माहीत हवा. आमच्या बोटीवर सगळे एका परातीत जेवतात. रांधणारा भात उपसतो, वर कालवण ओततो आणि सगळे हात आवरून बसतात. तांडेल पहिला घास समुद्राला देतो, दुसरा स्वतः घेतो, मग बाकीचे. रांधणारा सगळ्यांत शेवटी. तांडेलांनी हा नियम घरातही आणला. ते समुद्रात असले तर मी पहिला घास त्यांच्या नावानं ताटाच्या कडेला काढते आणि मगच खाते. पण बोटीवर म्हणजे बोटीवर. बोटीवर तांडेलच्या आधी घास उचलायचा, ही कल्पनाच माझ्या हाताला नाही. आणि इतक्या मोठ्या बोटीचा तांडेल म्हणजे कप्तान. तेव्हा कप्तान जेवायला बसेपर्यंत थांबायचं, यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजूबाजूचे लोक खात सुटले होते, पण मी म्हटलं, शहरातली माणसं, त्यांना कोण शिकवणार?

सूप थंड झालं. फ्रान्सिसनं ते नेलं. पाला आला, गेला. मासा आला. वाफ येत होती, लिंबाची चकती होती. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाफ संपली.

"बाय, आवडत नाय?" फ्रान्सिस कळवळून म्हणाला.

"आवडेल की. कप्तान कधी बसतात जेवायला?"

"कप्तान?"

"हो. बसले का?"

"ते वर जेवतात, बाय. आपल्या टायमानं. आमका कसं कळणार?"

"मग हे सगळे कुणाला विचारून जेवायला लागले?"

फ्रान्सिसच्या मिशा हलल्या. तो काळ्या कोटातल्या साहेबाला घेऊन आला. साहेबाला वाटलं, मला कप्तानाच्या पंगतीला बसायचं आहे. त्यानं हिंदीत आणि इंग्रजीत समजावलं की त्या पंगतीला निमंत्रण लागतं. मी मराठीत समजावलं की मला पंगत नको, नुसतं जेवले का ते कळवा. एवढं होईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. मी खोलीत येऊन टोपलीतली दोन केळी खाल्ली.

अशी फजिती बाजारात झाली असती, तर मी ती आठवडाभर विकली असती. जानकीनं पोट धरलं असतं, समोरच्या भांडीवाल्यानं पुन्हा सांगायला लावली असती. इथे खोलीत एक आरसा होता. त्याला सांगून बघितलं. हसलो दोघं. पण तो माझ्याबरोबरच थांबला.

गोव्याच्या वाटेवर

सकाळचा नाश्ता वरच्या मजल्यावर. सूचना: पहिल्या फेरीला ताट भरू नका. दाराजवळ पाव आणि फळं मांडलेली असतात. खरा माल मागे असतो. इडली, पोहे, आमलेट, जैन लोकांचा वेगळा कोपरा, फळांत कोरलेला हंस. चिकू नाही. मी विचारलंसुद्धा. डहाणूच्या, म्हणजे चिकूच्याच गावच्या, माणसानं हा अपमान गिळायचा आणि पुढे जायचं.

मजा खूप होती. पण मजा ही अर्धी सांगण्यात असते. माझ्या कोपराला टोचून "ते बघ" म्हणायला कुणी नव्हतं. जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. त्यांना दोघांचा एकत्र हवा असला की मला बोलवत. त्या सकाळी मी बऱ्याच सुखी माणसांचे फोटो काढले.

नाश्त्यानंतर खोलीतला फोन वाजला.

"आय, काल चौदा नंबरवर तू होतीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मासा परत आला. एक घास मोडलेला नाही. असं ताट परत पाठवणारं माणूस एक तर आजारी असतं, नाहीतर झाईचं." तो हसायला लागला. "तांडेलची वाट बघत बसलीस ना?"

मीही हसले. खूप दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसत होतो. मग त्याचं हसणं थांबलं.

"आय, परत आलेली ताटं मोठे शेफ स्वतः बघतात. तो मासा माझ्या हातचा होता."

मग त्यानं सांगितलं ते असं. तीन वर्षं तो कापणं, सोलणं, निवडणं करत होता. या फेरीला त्याला पहिल्यांदा माशाच्या चुलीवर उभं केलं होतं, परीक्षेसारखं. त्याचं कंत्राट या फेरीबरोबर संपत होतं. शेफना पसंत पडलं तर माशाचं काम कायम त्याच्याकडे आणि नवं कंत्राट, आठ महिन्यांचं.

"आणि नाही पडलं तर?"

"तर घरी येतो," तो म्हणाला. "आजचा मासा खा हां, आय. आवडला नाही तरी खा."

गोव्यात मी उतरले. तिथे काय पाहिलं ते विचारू नका. ऊन पाहिलं. डोक्यात एकच घोळत होतं: एक ताट परत गेलं आहे. आणखी एक गेलं, तर पोरगा घरी. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं काल बसले होते तसं बसायचं. कुणी मला दोष दिला नसता. बाई अडाणी आहे, कप्तानाची वाट बघते म्हणाले असते. झाईच्या घरात दुपारी कुणीतरी डबे उघडून बघणारं असलं असतं. बापलेक भांडले असते, पण घरात भांडले असते. भांडणसुद्धा एक प्रकारची सोबतच.

संध्याकाळी मी चौदा नंबरवर बसले. फ्रान्सिस सूप घेऊन आला आणि देवळात उभं राहावं तसा माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी चमचा उचलला. त्यानं सुस्कारा सोडला.

मग मासा आला. पांढरा, चौकोनी, वर पिवळसर सॉस, बाजूला गाजराच्या काड्या. काटा एकही नाही. ज्या माशाला काटा नाही त्याच्याशी बोलायचं काय?

"फ्रान्सिस, हा कुठला मासा?"

"फ्रीझरचा, बाय."

चारी बाजूंना समुद्र, आणि मासा फ्रीझरचा! ही गोष्ट जानकीला सांगण्यासाठी मी तिथेच मनात घडी घालून ठेवली.

मी पहिला घास नेहमीप्रमाणे तांडेलांच्या नावानं कडेला काढला. आता प्रश्न उरला तो सुरुवात कुणी करायची हा. समोर रिकामी खुर्ची. कप्तान वर कुठेतरी. आमचे तांडेल उंबरगावच्या समोर जाळं टाकून बसलेले. माझ्या आधी घास घेणारं त्या टेबलावर कुणीच नव्हतं. मग मी ठरवलं, आज या टेबलाची तांडेल मीच. आणि बोटीवर पहिला घास घेतला.

मीठ कमी होतं.

फार नाही. पण होतं कमी. आणि मी तो मासा खाल्ला. शेवटपर्यंत खाल्ला. प्रत्येक घासाबरोबर माझा मुलगा मला आणखी थोडा लांब जाताना दिसत होता. मी खात राहिले. उरलेला सॉस पावानं पुसून घेतला. फ्रान्सिस म्हणाला, "कसा होता?" मी बाजारातल्या आवाजात म्हटलं, "उत्तम! मोठ्या शेफना सांग, चौदा नंबर म्हणते उत्तम!" शेजारच्या टेबलावरची दोन माणसं दचकली. तीस वर्षं गिऱ्हाइकाला मालाचा गुण सांगते आहे. पण पदरचं इतकं घालून कधी विकलं नव्हतं.

कडेचा घास मात्र उरला. तो ताटात परत गेला असता तर खाली दिसला असता. म्हणून मी तो रुमालात गुंडाळला आणि डेकवर आले. उजेड जवळजवळ गेला होता. कठड्याशी जाऊन रुमाल सोडते आहे, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, समुद्रात काही टाकायचं नाही."

पहारेकरी होता. मी म्हटलं, "टाकत नाही. देते आहे."

"काय आहे त्यात?"

"मासा."

त्यानं रुमालाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. "मासा समुद्रात?"

"तिथलाच आहे."

"असू दे. नियम आहे."

नियमाशी मी वाद घालत नाही, कारण माझ्या नवऱ्याच्या घरी नियमच नांदतात. मी तिथेच उभी राहून तो घास खाल्ला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या नावाचा घास माझ्या तोंडात गेला. त्यातही मीठ कमीच होतं.

दोन्ही बाजूंना पाणी

तिसऱ्या दिवशी बोट कुठे थांबत नाही. लोक खातात. सकाळी खातात, अकराला खातात, पोहण्याच्या तलावात बसून खातात. कुणाला मळमळलं तर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं मागावीत, लगेच देतात. जेवणाबरोबरचं साधं पाणी तिकिटात असतं. ताजा रस, थंड पेयं आणि जे काही फेसाळतं ते सगळं वेगळं.

मी डेकवर खुर्ची टाकून बसले. समुद्र मी जन्मापासून बघते आहे, पण किनाऱ्यावरून. आमच्यात बायका मासेमारीला जात नाहीत. मी बोटी जाताना पाहिल्या आहेत, येताना पाहिल्या आहेत. मधलं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी एक वेळ अशी आली की कुठल्याच बाजूला किनारा नव्हता. पाणी आणि पाणी, आणि त्यावर कुणाचाही आवाज नाही. तांडेल आठ-आठ दिवस हे बघतात. घरी आल्यावर ते दोन दिवस बोलत नाहीत म्हणून मी त्यांना किती टोमणे मारले असतील! आता वाटलं, माणूस इथून लगेच परत येत नसेल. शरीर येत असेल, बाकीचं मागून पोहत येत असेल.

झाई

घरी आले तेव्हा तांडेलांची बोट किनाऱ्यालाच होती. मी पिशवी ठेवली, पाणी प्याले, आणि ते जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "मीठ?"

वाटेत बसमध्ये मी उत्तर घोकून ठेवलं होतं: एकदम बरोबर, तोललेलं, जणू तुमच्याच हातचं. पण तोंड उघडलं आणि शेवटच्या संध्याकाळी जे झालं तेच बाहेर आलं. ऐकून तांडेल हसले. जाळं मांडीवरून घसरलं तरी हसत राहिले. नितेशचं नाव निघाल्यावर, तीन वर्षांत पहिल्यांदा. मग उठून घरात गेले, बाहेर आले, आणि खांबाकडे बघत म्हणाले, "त्याचा नंबर कुठला तो? म्हणजे, आहे ना तुझ्याकडे?"

निकालही सांगून टाकते, नाहीतर जानकीसारखे तुम्हीही मध्येच विचाराल. बोट मुंबईला लागली त्या सकाळी शेफनी नितेशला माशाचं काम दिलं. नवं कंत्राट झालं. तो लगेच दुसऱ्या फेरीवर गेला. मी पुन्हा आठ महिने टीव्हीसमोर जेवणार आहे. तांडेल किनाऱ्याला असतील तेव्हा त्यांच्यासमोर.

आणि आता ती शेवटची संध्याकाळ.

फ्रान्सिसनं मासा आणून ठेवला आणि मी हात मांडीवर ठेवले. त्याचा चेहरा उतरला. "बाय, परत नको हां!"

"फ्रान्सिस, काळजी करू नकोस. आज तांडेल येणार आहेत."

तो आणखीच घाबरला.

दिवे मंद झाले, गाणं सुरू झालं आणि आचाऱ्यांची रांग आत आली. पांढरे कपडे, उंच टोप्या. लोक उभे राहून आपापले रुमाल डोक्यावर गरागरा फिरवू लागले. आमच्याकडे समुद्रावर कुणी असं फडकं फिरवलं तर बोट बुडते आहे असं समजून लोक धावतात. मीही फिरवलं. सगळ्यांत पुढे मोठे शेफ, पोटापासून टोपीपर्यंत ताठ. मागे बरीच माणसं, आणि मग नितेश. वाळला होता. टोपी त्याला मोठी होत होती.

रांग टेबलांमधून फिरत आमच्याकडे आली. नितेश माझ्यापाशी थांबला. कर्मचाऱ्यांना दालनात बसता येत नाही, खाता तर त्याहून येत नाही. त्यानं वाकून माझ्या ताटाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "आय, का खाल्लं नाहीस? शेफ बघतायत."

"तू जेवलास?"

"आम्ही शेवटी. उभ्यानं. तू खा ना."

मी काटा-सुरी बाजूला सारली. माशाचा तुकडा हातानं मोडला, सॉसमध्ये बुडवला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. गाणं नेमकं तेव्हाच संपलं. मोठे शेफ वळून आमच्या टेबलाकडे आले. चौदा नंबर तोपर्यंत त्यांच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं. फ्रान्सिस छताकडे बघू लागला. नितेशनं एकदा शेफकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे. मग वाकला. टोपी पुढे सरकून नाकावर आली. त्यानं माझ्या हातून घास घेतला आणि चावू लागला.

"कैसा है, माताजी?" शेफनी मला विचारलं.

माझं "उत्तम" तयार होतं. छातीत श्वास भरून मी तोंड उघडलं. पण त्याआधी, भरल्या तोंडानं, माझ्याकडूनच घेतलेल्या आवाजात, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा नितेश ओरडला:

"आय, यात मीठ कमी आहे गं!"